जुना ट्रक घेतलाय? आधी त्याचं तेल, पाणी आणि हवा बघा

या अंकासाठी खान्देशातून आलेल्या पत्रांत जुन्या ट्रकचेच प्रश्न जास्त आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. जिथे आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, तिथे तुमच्या गाडीच्या सर्व्हिस बुकात छापलेला आकडाच धरावा.

प्रश्न : मी 2016 मॉडेलचा सहा चाकी ट्रक घेतला आहे. मीटरवर साडेचार लाख किलोमीटर दिसतात. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसची कसलीच नोंद नाही. ते म्हणतात, "ऑइल आत्ताच बदललंय, बिनधास्त चालवा." पहिल्या महिन्यात काय काय करून घेऊ?
(एक वाचक, पारोळा)

उत्तर : नोंद नाही म्हणजे काहीच बदललेलं नाही, असं धरून चाला. गाडीतली सगळी तेलं, सगळे फिल्टर आणि कूलंट एकदा स्वतःच्या डोळ्यांदेखत बदलून घ्या आणि त्या दिवसापासून तुमची वही सुरू करा. खर्च दिसायला मोठा वाटेल. पण जुन्या गाडीत काय चाललंय हे कळायचा याहून स्वस्त मार्ग नाही, कारण निघालेलं प्रत्येक तेल काहीतरी सांगतं.

सुरुवात इंजिनपासून. गाडी अर्धा तास चालवून तेल गरम असतानाच स्वच्छ ट्रेमध्ये काढा. तेल काळं असणं हा डिझेल इंजिनात दोष नाही. दुधाळ दिसलं तर पाणी मिसळतंय. पातळ झालेलं असेल, डिझेलचा वास येत असेल आणि तेल मोजायच्या दांडीवरची पातळी आपोआप वाढत असेल, तर नोझल गळतंय किंवा पंपाचं सील गेलंय. जुना ऑइल फिल्टर फेकू नका. पत्रा कापून आतला कागद उलगडा आणि उन्हात धरून बघा. बारीक राखाडी गाळ चालतो. तांब्याच्या रंगाचे किंवा चकचकणारे तुकडे दिसले तर बेरिंग कपाचं काम जवळ आलंय, माल भरायच्या आधी ते उघडून बघा. नवीन फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट लावा, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा पुरे. पाना लावून आवळला की रबर चेपतं आणि पुढच्या वेळी फिल्टर निघत नाही. 5.9 लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनात साधारण 14 ते 16 लिटर तेल लागतं, पण शेवटचा शब्द दांडीचा. सपाट जागेवर, इंजिन बंद केल्यानंतर दहा मिनिटांनी मोजा.

ऑइल भरायची टोपी काढलीच आहे तर बॅक कॉम्प्रेशनही (रिंगांवरून खाली गळणारा सिलिंडरचा वायू) बघून घ्या. गरम इंजिन आयडलला ठेवा आणि टोपी तोंडावर उलटी ठेवून द्या. थोडी थरथरली तर हरकत नाही. उडून पडत असेल आणि भकाभक धूर येत असेल, तर बहुतेक फिटर लगेच "हाफ इंजिन करावं लागेल", म्हणजे इंजिन उघडून अर्धं काम करावं लागेल, म्हणतात. थांबा. एअर कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या तरी त्याची हवा क्रँककेसमध्येच (इंजिनच्या खालच्या पोटात) येते, टर्बोचं सील गेलं तरी तसंच होतं. आधी कॉम्प्रेसरचा ताण काढून आयडलला परत बघा, टर्बोच्या दांड्याचा ढिलेपणा तपासा, मग एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एवढं झाल्याशिवाय इंजिन उघडायला देऊ नका.

गिअरबॉक्स आणि हाउसिंगचं (मागच्या अॅक्सलचा मधला गोळा) तेल काढताना एक गोष्ट पाळा : आधी भरायचा बोल्ट सोडवून बघा, मगच खालचा. वरचा बोल्ट जाम निघाला आणि तेल आधीच सांडलं, तर गाडी तिथेच अडकते. खालच्या बोल्टला चुंबक असतं. त्यावर शाईसारखा लेप असेल तर ठीक, किरचे किंवा दाताचा तुकडा असेल तर क्राऊन-पिनियन (हाउसिंगमधले मोठे दाते) उघडावा लागेल. तेलाचा प्रकार इथे महत्त्वाचा. हाउसिंगला जीएल-5 चालतं, पण सिंक्रोनायझरच्या रिंगा पितळी असलेल्या गिअरबॉक्सला जीएल-4 सांगितलेलं असेल तर तेच भरा. जीएल-5 मधली गंधकयुक्त द्रव्यं पितळ खातात आणि वर्षभरात गिअर खरखरत पडायला लागतात. दुकानदार "जास्त भारी आहे" म्हणून डबा पुढे करेल, तरी घेऊ नका. भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल आलं की थांबा.

हाउसिंगवर एक छोटी टोपी असते, ब्रीदर म्हणतात तो. काळ्या मातीच्या चिखलाने तो बंद होतो. तेल तापलं की आतली हवा फुगते, तिला वाट मिळत नाही, मग ती पिनियनचं किंवा हबचं सील ढकलून तेल बाहेर काढते. मालक सील बदलतो, महिन्याने पुन्हा गळती. हबमधून आलेलं तेल ब्रेक लायनरवर जातं आणि एका बाजूचा ब्रेक धरेनासा होतो. एवढ्याशा टोपीमुळे. ती काढून डिझेलमध्ये धुवा, तोंडाने फुंकून हवा आरपार जाते का बघा.

ग्रीसिंगच्या वेळी निपलं आधी पुसून घ्या, नाहीतर गनच्या टोकाची माती ग्रीससकट आत जाते. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या दांड्याचा चौफुली सांधा) ग्रीस भरताना चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर यायला हवं. तीनच कपांतून आलं तर चौथा कप कोरडा आहे आणि क्रॉस तिथूनच तुटणार. किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खुंटा) ग्रीस मारताना पुढचा अॅक्सल जॅकवर उचला, चाक जमिनीवर असताना दाबाखालच्या बाजूला ग्रीस पोहोचतच नाही. चारी हब एकदा उघडून बेरिंग डिझेलमध्ये धुवा, नीट वाळवा, निळसर डाग किंवा खड्डे असलेली बदला, सील नवीनच टाका. वाळवताना कॉम्प्रेसरच्या हवेने बेरिंग गरगर फिरवायचं नाही, कोरडं बेरिंग त्या वेगाने खराब होतं. जुनं ग्रीस कोणतं होतं माहीत नसताना त्यावर नवीन चढवू नका. दोन वेगळ्या जातीची ग्रीस एकत्र आली की पातळ होऊन वाहून जाऊ शकतात.

टॅपेट सेटिंगही, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट जुळवणं, याच महिन्यात. 5.9 लिटरच्या कमिन्स बी सिरीजला थंड इंजिनावर इनटेक 0.25 आणि एक्झॉस्ट 0.50 मिलिमीटर धरतात. दुसरं इंजिन असेल तर त्याचं बुक बघा. एक्झॉस्टचं टॅपेट आवळलेलं राहिलं तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. त्याचा आवाज येत नाही, म्हणून ते ढिल्या टॅपेटपेक्षा जास्त धोक्याचं.

वहीत चार रकाने पुरे : तारीख, किलोमीटर, काय केलं, किती लिटर. मधे मधे टाकलेलं अर्धा लिटर ऑइलसुद्धा लिहा. सहा महिन्यांनी इंजिन तेल खातंय का, हे त्याच आकड्यांवरून कळेल.

प्रश्न : राम राम भाऊ. कपाशीच्या गाठी आणि सरकी वाहतो. मार्च लागल्यापासून गाडी भलती तापस. रिकामी असली की काही नाही, माल भरला आणि चढ आला की काटा लाल पट्ट्याजवळ जातो. मिस्तरीने थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी फरक नाही. रेडिएटर नवीन घ्यावा का?
(एक गाडीमालक, धरणगाव)

उत्तर : राम राम. रेडिएटरचे पैसे आत्ता वाचवा, आणि थर्मोस्टॅट आजच्या आज परत बसवा. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की बायपासची वाट बंद होते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे वळतं. तो काढला की बरंचसं पाणी बायपासमधूनच इंजिनात फिरत राहतं आणि रेडिएटरला चुकवतं. म्हणजे गाडी गार व्हावी म्हणून केलेल्या कामाने भरल्या गाडीत ती उलट जास्त तापू शकते. शिवाय पहाटे इंजिन बराच वेळ थंड राहतं, अर्धवट जळलेलं डिझेल तेलात उतरतं आणि रिंगा झिजतात. घेताना मूळ तापमानाचाच घ्या. बसवण्याआधी पाण्याच्या पातेल्यात उकळून उघडतो का बघा, नवा असला तरी.

तुमच्या धंद्यात पहिला संशय रुईवर. जिनिंगच्या आवारात उडणारी रुई पंखा आत ओढतो. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, म्हणून कोणी पुढे बघत नाही. खरी घाण इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असते. रुई, धूळ आणि इंजिनमधून उडालेला तेलाचा अंश मिळून तिथे वाकळीसारखा थर बसतो. इंजिन थंड असताना इंटरकूलरचे बोल्ट ढिले करून तो पुढे सरकवा. इंजिनच्या बाजूने टॉर्च लावा आणि पुढून बघा, जिथून उजेड येत नाही तिथून हवाही जात नाही. पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे घाण आली त्या वाटेने परत जाते. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला की पातळ फिन्स आडव्या होतात आणि जाळी कायमची बंद होते. तेलकट थर असेल तर साबणाचं पाणी अर्धा तास मुरू द्या. तेल कुठून उडतंय ते बंद केलं नाही तर पंधरा दिवसांत रुई पुन्हा चिकटेल. हंगामात हे काम दर आठवड्याला करा.

दुसरं, पाणी. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. ते रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनच्या जॅकेटमध्ये पांढरा क्षार धरतं. ज्या इंजिनांत स्लीव्ह (पिस्टन ज्यात सरकतो त्या नळ्या) पाण्यात बसलेल्या असतात, तिथे साध्या पाण्याने आणखी एक नुकसान होतं : स्लीव्ह दर स्फोटाला थरथरते, तिच्या बाहेरच्या अंगाला बारीक बुडबुडे फुटतात आणि सुईने टोचल्यासारखी छिद्रं पडत जातात. शेवटी पाणी तेलात उतरतं. कूलंटमधली द्रव्यं स्लीव्हवर थर धरून हे थांबवतात, म्हणून कूलंट म्हणजे नुसता थंडीचा उपाय असं समजू नका. सगळं पाणी काढा, क्षार काढायचं औषध डब्यावर लिहिल्याप्रमाणे वापरा, स्वच्छ पाण्याने निवळ येईपर्यंत धुवा आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. आरओचं पाणी हवंच असेल तर वाटेत वर टाकण्यापुरतं, कायम नको.

रेडिएटरची टोपी काही रुपयांची वस्तू, पण दाब तीच धरते. 1 बार दाबाखाली पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं, दाब नसेल तर 100 लाच. टोपीचं रबर चिरलं असेल तर गाडी तापलेली नसताही पाणी फेकते. मेच्या महिन्यात जळगाव-भुसावळकडे बाहेरचीच हवा 45 अंशांना जाते, तिथे हा फरक फार मोठा आहे. पंख्याचा पट्टा चकाकतोय का आणि पंख्याभोवतीचं शेड जागेवर आहे का, हेही बघा. अपघातात निघालेलं शेड परत बसवलेलंच नाही, असे जुने ट्रक पुष्कळ आहेत. शेड नसेल तर पंखा तीच गरम हवा घुसळत राहतो.

हे सगळं होऊनही तापली तर हेड गॅस्केट तपासा. रात्रभर थंड पडलेली गाडी चालू करा. मिनिटभरात वरचा हौजपाइप दगडासारखा टणक झाला, किंवा उघड्या टाकीत सतत बुडबुडे आले, तर सिलिंडरचा वायू पाण्यात येतोय.

चढावर काटा वर जायला लागला की गिअर एक खाली घ्या, म्हणजे आरपीएम वाढून पंप आणि पंखा जोराने फिरतील. थांबायचंच झालं तर इंजिन लगेच बंद करू नका, आयडलला ठेवा. टोपी उघडू नका आणि तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा त्यानेच जातो.

प्रश्न : उसाच्या हंगामात शेतरस्त्यावर गाडी चालते. दर दोन दिवसांनी एअर फिल्टर काढून हवा मारतो, तरी इंजिन धूर देतं आणि ऑइल कमी होतं. फिल्टर धुतला तर चालेल का?
(एक वाचक, शहादा)

उत्तर : कागदी फिल्टर धुवायचा नाही, आणि दर दोन दिवसांनी काढायचाही नाही. थोडा धुळकट झालेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक कण अडवतो. नुकसान होतं ते काढताना आणि बसवताना : झाकण उघडलं की काठावरची धूळ स्वच्छ बाजूला पडते, रबरी सील दर वेळी थोडं चेपतं, जोरात हवा मारली की कागदाला केसाएवढी भोकं पडतात. तिथून आत गेलेली माती रिंगा आणि पिस्टनवर घासकागदाचं काम करते. तुमचं ऑइल कमी होण्याचं कारण बहुधा हेच आहे.

फिल्टरच्या हाउसिंगवर (डब्यावर) किंवा डॅशवर फिल्टर कोंदल्याचा इंडिकेटर असतो. तो लाल झाला की मगच फिल्टर काढा. बंद पडला असेल तर नवीन बसवा, स्वस्त मिळतो. हवा मारायची वेळ आलीच तर आतून बाहेर, 30 पाउंडांच्या आत, नळी कागदापासून वीतभर लांब धरून. मग आत बल्ब सोडून अंधारात फिरवून बघा, ठिपक्याएवढा उजेड दिसला तरी तो फिल्टर संपला. दोन-तीन वेळा साफ झाला की बदला. आतला छोटा सेफ्टी फिल्टर कधीच साफ करायचा नाही. मोठा तीनदा बदलला की तो एकदा बदलावा, आणि त्यावर माती दिसली तर मोठ्यातून किंवा त्याच्या सीलमधून गळती आहे असं समजा.

हाउसिंगच्या तळाला रबरी चोच असते, धूळ खाली टाकायला. क्लीनरला ती रोज सकाळी दोन बोटांनी दाबायला सांगा. चोच फाटली किंवा पडली तर तिथूनच रस्त्याची धूळ वर ओढली जाते. शेवटी फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा पाइप काढा आणि आत पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्याला माती लागली तर क्लिप किंवा रबरी कोपर चिरलेला आहे, आणि मग फिल्टर कितीही भारी टाकला तरी उपयोग नाही.

प्रश्न : पिंपळनेर-साक्रीकडून कांदा भरून सुरतेला जातो. कोंडाईबारी घाट उतरताना ब्रेक लायनरचा जळका वास येतो, खाली पोहोचेपर्यंत पेडल मऊ लागतं. लायनर तर नवीन आहेत.
(एक ड्रायव्हर, साक्री)

उत्तर : दादा, ही गाडी तपासल्याशिवाय पुढची खेप भरू नका.

लायनर नवे असूनही असं होतं, कारण तापलेला ड्रम फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. तेवढं अंतर भरून काढायला ब्रेक चेंबरचा दांडा जास्त बाहेर यावा लागतो. स्लॅक अॅडजस्टर (या दांड्याला जोडलेला, ब्रेकचा ढिलेपणा काढायचा हात) आधीच ढिला असेल तर दांड्याची चाल संपते आणि पेडल पूर्ण दाबूनही जोर लागत नाही. सपाट रस्त्यावर हा दोष कळत नाही, घाटातच दिसतो.

समायोजन असं करा. सपाट जागा, चाकांना उटी, हवेची टाकी भरलेली, पार्किंग ब्रेक सोडलेला. हाताचा स्लॅक अॅडजस्टर असेल तर लॉकची कडी आत दाबून नट फिरवा, लायनर ड्रमला टेकून चाक अडेपर्यंत. मग अर्धा फेरा मागे घ्या. चाक जॅकवर मोकळं फिरायला हवं, किंचित घासल्याचा आवाज चालेल. एका अॅक्सलची दोन्ही चाकं एकाच वेळी करा. ब्रेक दाबल्यावर अॅडजस्टरचा हात आणि चेंबरचा दांडा यांच्यात साधारण काटकोन हवा. ऑटोमॅटिक अॅडजस्टर मात्र पुन्हा पुन्हा हाताने आवळू नका. तो स्वतः जागा घेत नसेल तर तो किंवा एस-कॅमचे (लायनर ड्रमवर ढकलणारा दांडा) बुश गेले आहेत, आणि आवळण्याने दोष झाकला जातो एवढंच.

ड्रमवर निळे डाग आणि बारीक तडे बघा. तड्यात नख अडकलं तर ड्रम बदला. ड्रमवर कमाल व्यास ओतलेला असतो, लेथवर त्यापलीकडे कापून घेऊ नका : पातळ ड्रम लवकर तापतो.

हवा : इंजिन बंद करून पेडल दाबून ठेवा आणि काटा बघा. एका मिनिटात 3 पाउंडांपेक्षा जास्त उतरली तर गळती शोधा, सांध्यांवर साबणाचा फेस लावून. टाक्यांचं पाणी रोज संध्याकाळी सोडा. पाण्यासोबत काळं तेल आलं तर कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या आहेत, आणि ते तेल व्हॉल्व्हचं रबर फुगवतं.

आणि घाटातलं चालवणं. ज्या गिअरमध्ये भरली गाडी ब्रेकशिवाय ताब्यात राहील, तो गिअर माथ्यावरच टाका, उतार लागल्यावर नाही. एक्झॉस्ट ब्रेक आरपीएम वर असताना जास्त धरतो, म्हणून तो मोठ्या गिअरमध्ये लावून उपयोग होत नाही. पाय सतत हलका ठेवून उतरू नका. वेग वाढला की जोरात दाबून दहा-एक किलोमीटरने कमी करा आणि पाय पूर्ण सोडा, ड्रमला तेवढा निवायला वेळ मिळतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांचं तर ऐकूच नका. उतारावर गिअरमध्ये असताना आताची इंजिनं डिझेल घेतच नाहीत.

प्रश्न : रासायनिक खत आणि कधी कधी गुजरातेतून मीठ आणतो. चेसी सडायला लागली आहे. रंग देऊ का?
(एक वाचक, दोंडाईचा)

उत्तर : गंजावर रंग दिला तर आत सडणं चालूच राहतं. खत-मिठाची खेप रिकामी झाली की त्याच दिवशी चेसी खालून भरपूर पाण्याने धुवा, विशेष करून क्रॉस मेंबर, कमानीचे हँगर, बॅटरीचा ट्रे आणि लाकडी बॉडीखालची पट्टी, कारण तिथे ओल टिकते. मग पूर्ण वाळल्यावर तारेच्या ब्रशने पापुद्रे काढा, रेड ऑक्साइड, त्यावर चेसी ब्लॅक. धुतल्यानंतर ग्रीसिंग करायलाच हवं, पाण्याने निपलांजवळचं ग्रीस निघून जातं. चेसीच्या पट्टीला तडा दिसला तर रस्त्यावरच्या वेल्डरकडून सरळ टाका घालून घेऊ नका. वरच्या-खालच्या फ्लँजवर आडवा वेल्ड केला की तडा त्याच्या शेजारीच पुन्हा येतो. आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा, ईसीएमचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टरही.

प्रश्न : सावद्याहून केळी भरून दिल्लीला जातो. मागच्या जोडीतला आतला टायरच नेहमी फुटतो. टायरवाला म्हणतो, उन्हाळ्यात हवा कमी ठेवा.
(एक ट्रकमालक, सावदा)

उत्तर : उलट सल्ला आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि त्या वाकण्यानेच तापते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी, स्वतःच्या गेजने मोजा. ढाब्यावर थांबल्यावर वाढलेली दिसणारी हवा सोडू नका. थंड झाल्यावर ती कमी भरेल आणि पुढच्या दिवशी टायर आणखी तापेल.

आतला फुटतो कारण तो कोणी तपासत नाही. व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन लावा, म्हणजे गेज बाहेरून पोहोचेल. दुसरं, जोडीतले दोन टायर एकाच उंचीचे हवेत. 10.00-20 मापात व्यासाचा फरक 12 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. नवा आत आणि घासलेला बाहेर लावला की सगळा माल नव्यावर येतो. नायलॉन आणि रेडियल एका अॅक्सलवर एकत्र लावू नका. ठरलेल्या हवेच्या 80 टक्क्यांखाली चाललेला टायर पंक्चर काढून लगेच भरायचा नाही, रिमवरून उतरवून आतून तपासायचा. आतली तार तुटलेली असली तर भरताना भिंत फाटते आणि माणूस जागेवर जातो. रिमोल्ड मागे चालेल, पुढच्या चाकांना कधीच नको.

चाक काढून बसवलं की 50 ते 100 किलोमीटरवर नट पुन्हा आवळा. काही जुन्या ट्रकांना डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतात, नवीन पोराला आधी सांगून ठेवा.

प्रश्न : जुनी बीएस-6 गाडी घेतली आहे. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) दिवा लागतो, डीईएफही (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी) महाग पडतं. एक मेकॅनिक दोन्ही "बंद" करून देतो म्हणतो. आणि खताचा युरिया विरघळवून टाकला तर?
(एक वाचक, अमळनेर)

उत्तर : दोन्हीला नाही. शेतीच्या युरियात क्षार आणि लेप असतात, पाण्यातही असतात. ते डीईएफच्या इंजेक्टरवर आणि एससीआर कॅटॅलिस्टवर (डीईएफने धूर स्वच्छ करणारा भाग) बसले की जो खर्च येतो, त्यात कित्येक वर्षांचं डीईएफ येईल. डीईएफ म्हणजे अतिशुद्ध पाण्यात 32.5 टक्के शुद्ध युरिया. मोजमाप आणि शुद्धता दोन्ही घरी जमत नाहीत. साठाही मोठा करू नका : 25 अंशांत ते दीड वर्ष टिकतं, 35 अंशांत जेमतेम सहा महिने. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर ठेवलेला ड्रम टाकू नका. भरायची नळी आणि नरसाळं वेगळं ठेवा, डिझेलचा थेंबही चालत नाही.

डीपीएफ भरतो तो बहुतेक वेळा छोट्या फेऱ्यांनी. गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीचा धूरमार्ग पुरेसा तापत नाही, म्हणून काजळी जळत नाही. आठवड्यातून एकदा धुळे रोडला अर्धा-पाऊण तास एकसारख्या वेगाने चालवा, दिवा जाईल. चालू झालेलं रीजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) मधेच इंजिन बंद करून तोडू नका, तसं पुन्हा पुन्हा झालं की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. तरी दिवा राहिला तर इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि टर्बोचं तेल तपासायला सांगा, कारण डीपीएफ स्वतः क्वचितच मूळ दोषी असतो. ऑइल बुकात सांगितलेलं कमी राखेचंच टाका. जुन्या बीएस-3 गाडीचं उरलेलं ऑइल यात ओतलं तर राख डीपीएफमध्ये साठते, आणि राख जळून जात नाही.

सिस्टिम बंद करून घेतलेली गाडी पीयूसी आणि फिटनेसला अडते. आठ वर्षांनंतर फिटनेस दर वर्षी करावं लागतं, म्हणजे हा त्रास दर वर्षीचा.

प्रश्न : 24 व्होल्टची गाडी. दोन बॅटऱ्यांपैकी एकच दर वर्षी जाते. डायनॅमो ठीक आहे.
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर : टेप किंवा मोबाइल चार्जरसाठी कोणीतरी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्टची वायर ओढली आहे का, ते आधी बघा. ती बॅटरी रोज जास्त रिकामी होते, पण चार्जिंग दोघींना एकत्र मिळतं. त्यामुळे एक कायम उपाशी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. वायर काढा, 24 ते 12 व्होल्टचा कन्व्हर्टर बसवा. बॅटऱ्या जोडीनेच बदला, एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या. इंजिन चालू असताना दोघींवर मिळून 27.5 ते 28.5 व्होल्ट यावेत, उभ्या गाडीत रात्रभरानंतर प्रत्येकीवर 12.6 च्या आसपास. दोघींत 0.2 पेक्षा जास्त फरक असेल तर वेगवेगळ्या चार्ज करून पुन्हा मोजा. एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी प्लेटा बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर घाला, आणि चेसीला जाणारी अर्थची केबल काढून खालचा रंग खरवडून परत आवळा.